देशाटन आणि अभय

देशाटनानें मनुष्याच्या अंगीं चातुर्य येतें, हें आपण लहानपणीं पाठ केलेलें आहे. आणि पाठ केलेल्या बहुतेक गोष्टींप्रमाणें त्याचा नीट विचार करण्याच्या खटपटींत आपण सहसा पडत नाहीं. देशाटनाची वाट सर्वांना सारखीच मोकळी असते काय? परक्या गांवांत पाऊल टाकतांना आपल्याविषयीं काय सांगावें आणि काय झांकून ठेवावें, हा विचार ज्याला कधींच करावा लागला नाहीं, तो प्रवासी मोठा भाग्यवान् म्हटला पाहिजे. वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या ऐन वणव्यांत उत्तर हिंदुस्थानांतून चालत गेले. त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचतांना पदोपदीं जाणवतें तें हें, कीं प्रवाशाची ओळख हीच कधीं त्याची ढाल होते आणि कधीं तीच त्याच्या जिवावर उठते.

हा विषय आज हातीं घेण्याचें कारण एक पत्र आहे. २०१४ च्या आरंभीं माझ्या वर्गांतील एक हुशार विद्यार्थी संध्याकाळीं घरीं आला. बराच वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी करून शेवटीं त्यानें विचारलें, “सर, इतिहासांत आमच्यासारखीं माणसें कोठें आहेत?” त्याच्या बोलण्याचा रोख मला समजला होता. नुकताच सर्वोच्च न्यायालयानें भारतीय दंडसंहितेचें ३७७ वें कलम पुन्हां जिवंत केलें होतें आणि वर्तमानपत्रांत त्याचीच चर्चा चालू होती. परंतु मीं न समजल्याचें सोंग घेतलें. “परीक्षा जवळ आली आहे, तिकडे लक्ष दे,” एवढेंच बोलून मीं त्याला चहा दिला आणि वाटेस लावलें. तीस वर्षें इतिहास शिकविणाऱ्या माणसानें इतिहासाविषयींच विचारलेल्या सरळ प्रश्नाला दिलेलें तें उत्तर माझ्या मनांतून कधीं गेलें नाहीं. गेल्या महिन्यांत त्याचें पत्र आलें. “मी आणि माझा सोबती प्रथमच परदेशीं जाणार आहोंत. अलेक्झांड्रिया पाहावी कीं इटली, हें ठरत नाहीं. आमच्यासारख्यांनीं कोठें जावें, काय पाहावें, आणि हॉटेलांत खोली एक मागावी कीं दोन, हें तुमच्या इतिहासांत कोठें लिहिलें आहे काय?” शेवटच्या वाक्यांत थट्टा होती, पण तक्रारही होती, आणि ती वाजवी होती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला बऱ्याच उशिरां दिलेलें उत्तर आहे.

आपल्याकडचा यात्रेकरू काशीस किंवा त्र्यंबकेश्वरीं जातो, तेव्हां त्याचा क्षेत्रोपाध्याय त्याला स्टेशनावरच गांठतो. गांव, आडनांव, कूळ विचारून तो आपल्या वह्या उघडतो आणि पणजोबांच्या हातची सही दाखवितो. त्या सहीनें दोन गोष्टी साधतात. उतरावयास खात्रीची जागा मिळते, आणि ‘आपल्यापूर्वींही आपलीं माणसें येथें येऊन गेलीं’ हें समाधान लाभतें. ज्या प्रवाशांची ही हकीकत आहे, त्यांना असा उपाध्याय नव्हता आणि अशी वहीही नव्हती. उतरण्याची जागा आणि पूर्वजांची सही, दोन्ही त्यांना स्वतःच शोधाव्या लागल्या. त्यांच्या प्रवासाचा इतिहास हा बहुतांशीं या शोधाचाच इतिहास आहे.

प्रथम कायद्याचा नकाशा पाहिला पाहिजे. इंग्लंडांत ८ व्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५३३ सालीं, पुरुषांमधील अशा संबंधाला देहान्त शासन सांगणारा कायदा झाला. त्या अपराधासाठीं इंग्लंडांत शेवटची फांशी १८३५ सालीं झाली, आणि देहान्ताची शिक्षा पुस्तकांतून निघाली ती १८६१ मध्यें. पुढें १८८५ सालीं एका नव्या कायद्यांत एक कलम घुसडण्यांत आलें आणि दोन पुरुषांमधील कसलीही ‘असभ्य’ लगट, ती चार भिंतींआड असली तरीही, दोन वर्षांच्या सक्तमजुरीस पात्र ठरली. या कलमाला लोकांनीं ‘खंडणीखोरांची सनद’ असें नांव ठेविलें होतें, आणि तें अगदीं यथार्थ होतें. उलटपक्षीं फ्रान्सनें राज्यक्रांतीनंतर, १७९१ च्या दंडसंहितेंत, हा अपराधच गाळून टाकला, आणि नेपोलियनच्या १८१० च्या संहितेनेंही तो परत आणला नाहीं. जेथें जेथें फ्रेंच संहितेचें वळण पोंचलें, तेथें तेथें हा बदल पोंचला. एकीकरणानंतरच्या इटलींत दक्षिणेकडील प्रांतांना हें कलम लागूच नव्हतें, आणि १८८९ च्या नव्या संहितेनें तें सर्व देशांतून काढून टाकलें. जर्मनीनें मात्र १८७१ च्या संहितेंत १७५ वें कलम घालून उलट वाट धरिली. तात्पर्य, डोव्हरची खाडी ओलांडण्यास जे कांहीं तास लागत, तेवढ्यांत एखादा इंग्रज गुन्हेगाराचा साधा नागरिक होत असे. स्वच्छ हवेसाठीं, चित्रांसाठीं, क्षयावरील उपायासाठीं दक्षिणेस जाणाऱ्या इंग्रज व जर्मन प्रवाशांत कांहींच्या मनीं हें आणखी एक कारण होतें. त्याचा उच्चार मात्र ते करीत नसत.

या परंपरेच्या आरंभीं योहान योआखिम विंकेलमान याचें नांव घ्यावें लागतें. स्टेंडाल गांवच्या एका चांभाराचा हा मुलगा. ग्रीक विद्येच्या ओढीनें त्यानें दारिद्र्याशीं झगडा केला, रोमला जातां यावें म्हणून १७५४ सालीं कॅथॉलिक पंथ स्वीकारला, आणि पुढल्या वर्षीं तो रोमांत दाखल झाला. कार्डिनल आल्बानी याच्या पदरीं ग्रंथपाल म्हणून राहून त्यानें शिल्पें पाहिलीं, मोजलीं, आणि १७६४ सालीं प्राचीन कलेचा इतिहास प्रसिद्ध केला. कलेच्या इतिहासाला शास्त्राचें रूप देणारा आद्य पुरुष असा त्याचा लौकिक आहे. पुरुषदेहाच्या सौंदर्याविषयीं त्यानें जें लिहिलें, त्यामागें त्याच्या मनाचा कल होता, हें त्याच्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांवरून स्पष्ट दिसतें. आणि त्याच्या पश्चात् गटेसारख्या विचक्षण लेखकानेंही ती गोष्ट झांकून ठेविली नाहीं.

१७६८ च्या वसंतांत विंकेलमान जर्मनीस जाण्यास निघाला; पण वाटेंतच त्याचें मन उदास झालें व तो व्हिएन्नाहून परत फिरला. तेथें मारिया तेरेसा राणीनें त्याला सोन्यारुप्याचीं पदकें दिलीं होतीं. परतीच्या जहाजाची वाट पाहत तो त्रिएस्तच्या एका मोठ्या खाणावळींत ‘सिन्योर जोव्हान्नी’ या साध्या नांवानें उतरला. शेजारच्या खोलींत फ्रान्चेस्को आर्कान्जेली नांवाचा, पूर्वीं चोरीची शिक्षा भोगलेला एक मनुष्य होता. दोघांचें जाणें-येणें, फिरणें, जेवणें सुरू झालें. विंकेलमाननें त्याला तीं पदकें दाखविलीं, आणि ८ जून रोजीं त्या मनुष्यानें त्याला सुऱ्यानें भोसकलें. मारेकऱ्याला पुढल्याच महिन्यांत चक्रावर घालून ठार मारण्यांत आलें. आर्कान्जेलीच्या जबानीप्रमाणें हेतु चोरीचा होता. त्याहून अधिक कांहीं होतें काय, याविषयीं पंडितांनीं पुष्कळ तर्क लढविले आहेत. त्यांत मी पडत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या कामाचा मुद्दा निराळा आहे. या विद्वानाला राजवाड्यांत अभय होतें, कार्डिनलच्या बागेंत अभय होतें. पण आपलें नांव लपवून जेथें तो एकटा राहिला, तेथें त्याची चौकशी करणारें कोणी नव्हतें. त्रिएस्त येथें जुन्या शिलालेखांच्या बागेंत त्याचें स्मारक आहे. इटलीस जाणाऱ्यानें तें अवश्य पाहावें, आणि अनोळखी शेजाऱ्याला पदकें दाखवूं नयेत, हा धडाही तेथून घ्यावा.

स्त्रियांची गोष्ट निराळी होती. इंग्रजी कायद्यानें स्त्रियांमधील प्रेमाचा अपराध कधीं केलाच नाहीं. १९२१ सालीं कॉमन्स सभेनें तसें कलम मंजूर केलें, तेव्हां लॉर्ड्स सभेनें तें फेटाळलें. कारण असें कांहीं असतें हें स्त्रियांना कळूं देणेंच धोक्याचें, असें तेथील कित्येकांना वाटलें. दोन स्त्रिया एका खोलींत उतरल्या तर खाणावळवाला त्यांना मैत्रिणी समजे आणि खर्च वांचविला म्हणून त्यांचें कौतुक करी. यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्सजवळच्या शिब्डेन हॉलची मालकीण ॲन लिस्टर हिनें या आडोशाचा पुरेपूर उपयोग केला. तिनें १८३४ सालीं यॉर्कच्या एका चर्चमध्यें ॲन वॉकर हिच्याबरोबर ‘प्रसाद’ घेऊन आपल्या मनानें विवाह लाविला. १८३८ सालीं तिनें पिरेनीज पर्वतांतील व्हीन्यमाल हें शिखर चढण्याचा पराक्रम केला. पुढें दोघी रशियांतून कॉकेशसपर्यंत गेल्या, आणि तेथेंच, आजच्या जॉर्जियांतील कुतैसीजवळ, २२ सप्टेंबर १८४० रोजीं ॲन लिस्टर तापानें वारली. ॲन वॉकरनें त्या अपरिचित मुलखांतून आपल्या सोबतिणीचें शव अर्ध्या युरोपावरून परत आणिलें, व १८४१ च्या एप्रिलांत हॅलिफॅक्स येथें त्याला माती दिली. कायद्याच्या दृष्टीनें या दोघींचें नातें कांहींच नव्हतें. मात्र शव घेऊन हिंवाळ्यांत सहा महिने वाट तुडविणाऱ्या माणसाचें नातें काय असतें, हें निराळें सांगावयास नको. लिस्टरच्या सुमारें पन्नास लाख शब्दांच्या रोजनिशीचा जवळजवळ सहावा हिस्सा तिनें स्वतः रचलेल्या गूढ लिपींत आहे. तिच्या घराण्यांतील एका वंशजानें ती लिपि १८९० च्या सुमारास उकलली. त्याच्या मित्रानें तें सर्व जाळून टाकण्याचा सल्ला दिला, पण त्यानें तें बाड पुन्हां भिंतीच्या फळ्यांआड ठेवून दिलें. त्यांतील निवडक भाग छापला गेला तो १९८८ सालीं. म्हणजे वही होती. ती उघडावयास दीडशें वर्षें लागलीं.

पूर्वजांची सही शोधण्याचें काम ज्यानें विद्वत्तेनें केलें, तो जॉन ॲडिंग्टन सिमंड्स. इटलीच्या पुनरुज्जीवनाचा हा इतिहासकार, चार मुलींचा बाप, फुप्फुसाच्या विकारामुळें १८७७ पासून स्वित्झर्लंडांतील दाव्होस येथें राहिला, व वेळ मिळेल तेव्हां व्हेनिसला जाऊं लागला. हेड्रियन बादशहाचा प्रियजन अँटिनोअस १३० सालीं नाईल नदींत बुडाला. बादशहानें त्याच्या नांवें शहर वसविलें व त्याच्या मूर्ति साम्राज्यभर उभारल्या. सिमंड्सनें या अँटिनोअसवर एक दीर्घ निबंध लिहिला आणि त्याच्या मूर्ति कोठें कोठें आहेत, हें बारकाईनें टिपलें. रोमजवळ तिवोली येथील हेड्रियनचा वाडा, आल्बानी वाड्यांतील अँटिनोअसचें तें प्रसिद्ध शिल्प (विंकेलमाननेंही त्याची तोंड भरून स्तुति केली होती), व्हॅटिकनमधील दालनें, हीं सारीं सामान्य प्रवाशाला नुसतीं प्रेक्षणीय स्थळें होतीं. सिमंड्सला तेथें क्षेत्रोपाध्यायाच्या वहीचें पान उघडल्यासारखें वाटत असलें पाहिजे. ग्रीकांच्या नीतिकल्पनांवर त्यानें जो ग्रंथ लिहिला, त्याच्या १८८३ सालीं अवघ्या दहा प्रती छापविल्या. १८९३ सालीं तो रोमांतच वारला. शेलीच्या थडग्यापासून जवळच त्याचें थडगें आहे. त्याच्या आत्मचरित्रावर दीर्घकाळपर्यंत कुलूप होतें. तें छापलें गेलें १९८४ मध्यें.

सिमंड्सला निदान पैसा, प्रतिष्ठा व मौन यांचा आधार होता. ऑस्कर वाइल्डपाशीं यांपैकीं कांहींच उरलें नव्हतें. २५ मे १८९५ रोजीं त्याला १८८५ च्या त्याच कलमाखालीं पूर्ण दोन वर्षांची शिक्षा झाली, आणि १९ मे १८९७ रोजीं सुटका होतांच त्याच रात्रीं त्यानें फ्रान्सचें जहाज गांठलें. दिएप बंदरांत तो ‘सेबास्टियन मेल्मॉथ’ या नांवानें उतरला. फ्रान्सांत त्याला कायद्याचें भय नव्हतें. तरीही तेथें उतरलेले इंग्रज त्याला पाहून तोंड फिरवीत. त्याच वर्षीं काप्री बेटावरील एका बड्या हॉटेलांत तो जेवावयास बसला असतां, शेजारच्या इंग्रज पाहुण्यांनीं हरकत घेतल्यामुळें त्याला उठावें लागलें, अशी हकीकत सांगतात. कायद्याच्या हद्दीबाहेर पडतां येतें. पण आपले देशबांधव आपली हद्द बरोबर घेऊनच प्रवास करतात, हें वाइल्डला फार कटुपणें कळलें. ३० नोव्हेंबर १९०० रोजीं पॅरिसच्या एका साध्या हॉटेलांत त्याचें देहावसान झालें. आतां त्याच्या समाधीवर येणाऱ्या चाहत्यांनीं ओठांच्या रंगाचे इतके ठसे उमटविले, कीं २०११ सालीं तिच्याभोंवतीं कांचेची भिंत उभारावी लागली.

आतां अलेक्झांड्रियाकडे वळूं. इ. एम्. फॉर्स्टर हा कादंबरीकार १९१५ च्या नोव्हेंबरांत रेडक्रॉसच्या कामासाठीं तेथें गेला. इस्पितळांतील जखमी शिपायांना भेटून बेपत्ता सैनिकांविषयीं विचारपूस करणें, हें त्याचें काम. तीन वर्षांहून अधिक काळ तो तेथें राहिला, आणि त्या वास्तव्याचें फळ म्हणजे १९२२ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा अलेक्झांड्रियाचा इतिहास व वाटाड्या. पहिल्या भागांत इतिहास व दुसऱ्यांत स्थलवर्णन, आणि दोहोंना जोडणारे उल्लेख पानोपानीं. अशी त्याची रचना आहे. एका चौकांत उभें राहावें आणि पान उलटून दोन हजार वर्षें मागें जावें. त्या पुस्तकाचें नशीबही त्या शहराच्या ग्रंथालयासारखेंच निघालें. गोदामाला आग लागून प्रती जळाल्याचें प्रकाशकानें कळविलें व विम्याची रक्कम घेतली. पुढें तळघरांत प्रती सुखरूप सांपडल्या, तेव्हां विम्याचा घोटाळा टाळण्यासाठीं त्या मुद्दाम जाळण्यांत आल्या. हा किस्सा खुद्द फॉर्स्टरनेंच सांगितला आहे.

याच शहरांत त्याला काव्हाफी भेटला. पाटबंधाऱ्याच्या कचेरींत कारकुनी करणारा हा ग्रीक कवि आपल्या कविता सुट्या कागदांवर छापून मोजक्या मित्रांना वांटीत असे, आणि त्यांत पुरुषावरील प्रेमाचा उच्चार इतक्या शांतपणें येतो, कीं वाचकाला धक्का बसण्याऐवजीं स्वतःच्या धक्क्याचीच लाज वाटावी. इंग्रजी वाचकांना त्याची ओळख फॉर्स्टरनें करून दिली. काव्हाफीचें घर आज संग्रहालय आहे.

पण त्याच शहरांत फॉर्स्टरचें एका ट्राम-कंडक्टराशीं प्रेम जुळलें, आणि ती कथा अधिक शिकविणारी आहे. त्या तरुणानें प्रेमानें भाडें घेण्याचें नाकारलें, तपासनिसानें पकडलें, आणि नोकरी जाण्याची वेळ आली. ती वांचविण्यासाठीं फॉर्स्टरला एका वजनदार इंग्रज मित्राकडे शब्द टाकावा लागला. दोघांना एकत्र बसावयास धड जागा नव्हती. इंग्रजांच्या क्लबांत इजिप्शियन कंडक्टराला प्रवेश नव्हता, आणि कंडक्टराच्या वस्तींत इंग्रज साहेब लपणें शक्य नव्हतें. १९१९ च्या धामधुमींत त्या तरुणाला तुरुंगवास घडला, आणि १९२२ सालीं तो क्षयानें वारला. फॉर्स्टर नव्वदी गांठून १९७० सालीं वारला. प्रवासी आणि स्थानिक या दोघांनीं एकच धोका पत्करला, असें वरवर दिसतें. पण प्रवाशाच्या खिशांत परतीचें तिकीट होतें.

आपल्याशीं या कथेचा संबंध पुढें येतो. १९२१ सालीं फॉर्स्टर थोरल्या पातीच्या देवास संस्थानांत तुकोजीराव पवार महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून सहा महिने राहिला. माळव्यांतील हें मराठा राजघराणें. तेथें पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव पुढें १९२४ च्या त्याच्या कादंबरींत शेवटच्या भागाचा प्राण झाला, आणि देवासच्या आठवणी त्यानें १९५३ सालीं प्रसिद्ध केल्या. मात्र एक प्रकरण त्यानें त्या पुस्तकांतून वगळलें, आणि तें त्याच्या मृत्यूनंतर, १९८३ सालीं, बाहेर आलें. वाड्यांतील एका सेवकाशीं त्याचा संबंध आला, गोष्ट फुटेल या भयानें तो व्याकुळ झाला, आणि त्यानें सर्व कांहीं महाराजांना सांगून टाकलें. महाराजांनीं त्याचा धिक्कार केला नाहीं. अपकीर्ति कशी टळेल, याचाच त्यांनीं विचार केला. जें अभय त्याला स्वतःच्या देशांतील कायद्यानें दिलें नाहीं, तें एका मराठा संस्थानिकानें दिलें, हें वाचून आपल्याला अभिमान वाटणें स्वाभाविक आहे. पण हिशेब येथेंच मिटवितां येत नाहीं. त्या सेवकाला नकार देण्याचें अभय होतें काय? आपल्या वर्तनांत हुकमतीचा व क्रौर्याचा अंश शिरला, ही कबुली फॉर्स्टरनेंच लिहून ठेविली आहे; आणि ती कबुली हा त्याचा प्रामाणिकपणा असला, तरी त्या सेवकाची बाजू कोणींच लिहून ठेविलेली नाहीं. दक्षिणेकडे व पूर्वेकडे आलेल्या कित्येक गोऱ्या प्रवाशांचें स्वातंत्र्य हें अशाच रीतीनें दुसऱ्याच्या दारिद्र्यावर उभें होतें. त्यांची भीति खरी होती. त्यांची सत्ताही खरी होती. एकीची दया करतांना दुसरीकडे डोळेझांक करूं नये.

कधीं कधीं धोका परदेशांत नसून मागें सोडलेल्या घरांतच वाढत असतो. बर्लिनमधील डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड हा १७५ वें कलम रद्द व्हावें म्हणून आयुष्यभर झटला. १९३० सालीं तो जगाच्या प्रवासास निघाला व हिंदुस्थानांतही हिंडला. १९३२ सालीं तो युरोपांत परतला, पण जर्मनींत पाऊल टाकणें त्याला शक्य राहिलें नव्हतें. मे १९३३ मध्यें त्याची संस्था लुटली गेली आणि तेथील ग्रंथांची होळी झाली. ती त्यानें पॅरिसच्या एका चित्रपटगृहांत, बातमीपटांत पाहिली. १९३५ सालीं तो नीस येथें वारला. ज्या कलमाशीं तो झगडला, तें जर्मनीनें पूर्णपणें रद्द केलें १९९४ सालीं.

छापील वही अखेर निघाली ती अमेरिकेंत. तेथील कृष्णवर्णी प्रवाशांसाठीं १९३६ पासून एक ‘हिरवें पुस्तक’ निघत असे. कोणत्या गांवीं कोणतें हॉटेल, कोणती खाणावळ त्यांना दाराबाहेर उभें करणार नाहीं, याची त्यांत यादी असे. १९६० नंतरच्या दशकांत सॅन फ्रान्सिस्कोच्या बॉब डॅमरन या मद्यगृहचालकानें समलिंगी प्रवाशांसाठीं तशीच एक खिशांत मावणारी पुस्तिका काढिली. अशा पुस्तिकांत कांहीं ठिकाणांपुढें ए. वाय. ओ. आर. हीं चार आद्याक्षरें असत. अर्थ एवढाच, कीं ‘गेलांत तर स्वतःच्या जबाबदारीवर’. बेडेकर किंवा मरे यांच्या वाटाड्यांत देवळांना व चित्रांना तारका असत. येथें धोक्याला चिन्ह होतें.

आज ही वही कोणालाही मिळूं शकते, पण ती बारकाईनें वाचली पाहिजे. साठांहून अधिक देशांत समलिंगी संबंध हा अजून अपराध आहे, व कांहीं ठिकाणीं देहान्त शासनही आहे. युगांडानें २०२३ सालीं व इराकनें २०२४ सालीं नवे कठोर कायदे केले. मराठी कुटुंबें हौसेनें जातात तें मालदीव व तीं अरबी आखातांतील शहरें या यादींत आहेत. श्रीलंकेंतही १८८३ चें कलम अद्याप आहे. तें आपल्याच १८६० च्या दंडसंहितेच्या वळणावरचें. सिंगापूरनें तसलें कलम २०२२ सालीं काढून टाकलें. मराठी बोलणाऱ्या घराण्यांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसमध्यें १८३८ च्या संहितेंतील कलम २०२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविलें. थायलंडनें जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहाला मान्यता दिली. आपल्या देशांत ६ सप्टेंबर २०१८ रोजीं ३७७ व्या कलमांतून प्रौढांचे संमतीचे संबंध मुक्त झाले. विवाहाचा हक्क मात्र २०२३ च्या निकालानें नाकारला.

नुसतें कायद्याचें पुस्तक वाचून भागत नाहीं, हें इजिप्तवरून कळतें. तेथें समलिंगी संबंधांचा नांवानिशीं निषेध करणारें कलम नाहीं. तरी १९६१ च्या एका कायद्यांतील ‘दुराचार’ या शब्दाखालीं माणसें पकडलीं जातात. मे २००१ मध्यें कैरोच्या एका नौकेवरील नृत्यगृहावर छापा पडून ५२ पुरुषांवर खटले झाले, आणि अलीकडे मोबाइलवरील ओळखीच्या ॲपांतून सापळे रचले जातात. फॉर्स्टर ज्या शहरांत प्रेम करावयास शिकला, तें शहर आज त्याच्या वाचकांना अधिक सुरक्षित झालें आहे, असें म्हणतां येत नाहीं. काळ पुढें जातो म्हणजे स्वातंत्र्यही त्याच्याबरोबर सर्वत्र पुढें जातें, हा आम्हां इंग्रजी शिकलेल्यांचा लाडका समज इतिहासानें पुष्कळदां खोटा ठरविला आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मीं जें उत्तर पाठविलें, त्याचा सारांश येथें देतों. यंदा इटलीस जा. त्रिएस्तला विंकेलमानचें स्मारक पाहा. तिवोलीस हेड्रियनच्या वाड्यांत संध्याकाळ घालवा. रोमांत सिमंड्सच्या थडग्यापाशीं क्षणभर थांबा. हीं तुमच्या वहींतील पानें आहेत. तेथें खोली खुशाल एक मागा. परंतु तेथेंही विवाहाचा हक्क नाहीं, २०१६ पासून नोंदणीची सोय तेवढी आहे, आणि लहान गांवांतील नजरा सारख्या नसतात, हें ध्यानांत असूं द्या. अलेक्झांड्रियाचें तूर्त राहूं दे. जाणेंच झालें, तर खोल्या दोन घ्या, मोबाइलवरील अनोळखी आमंत्रणें टाळा, आणि काव्हाफीचें घर पाहून या. आणि एक गोष्ट कोठेंही विसरूं नका. तुम्ही चार दिवसांनीं निघून याल. तुमच्याशीं मैत्री करणारा तेथेंच राहील. आपल्या धाडसाची किंमत त्याला द्यावी लागूं नये.

पत्राच्या शेवटीं मीं आणखी दोन ओळी लिहिल्या. २०१४ सालच्या त्या संध्याकाळीं विचारलेला प्रश्न मला समजला होता, आणि उत्तर देण्याचें धैर्य मला झालें नाहीं, हें मीं कबूल केलें. निघण्यापूर्वीं दोघांनीं चार दिवस आमच्याकडे यावें, असेंही लिहिलें. पत्नीनें तें वाचून विचारलें, “पाहुण्यांची खोली एकच आहे, हें कळविलें काय?” मीं तेंही खालीं लिहून टाकलें.